झडपेच्या आत झडप

तात्यांनी उभी हयात लोकांच्या गालांवरून वस्तरा फिरवण्यात घालवली. तोंडाची टकळी अशी, की खुर्चीतलं गिऱ्हाईक हसून हलायचं आणि मग तात्याच ओरडायचे, "हलू नका, कान जाईल!" पण ऐंशीच्या घरात आल्यावर एक दाढी पुरी होईस्तोवर ते दोनदा स्टुलावर टेकू लागले. दम पुरेना. साठीत हृदयात बसवलेली कृत्रिम झडप झिजली होती.

"म्हणजे पुन्हा छाती उघडायची?" त्यांनी हृदयाच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. पहिल्या ऑपरेशननंतर साधी शिंक आली तरी छाती दुभंगतेय असं वाटायचं, ते दिवस ते विसरले नव्हते.

"नाही. जांघेतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी वर नेऊ आणि जुन्या झडपेच्या आतच नवी उघडू. छत्री उघडतो तशी."

"आणि नाहीच उघडली तर?"

बाईंनी खोटा धीर दिला नाही. "धोका आहे. पण नुसतं बसून राहण्यात जास्त आहे."

त्या सकाळी वॉर्डबॉय जांघेचे केस काढायला आला. एरवी तात्यांनी त्याच्या वस्तरा धरण्याची यथेच्छ टिंगल केली असती. आज ते भिंतीकडे बघत राहिले.

"अहो, बोला की काहीतरी," बायको म्हणाली.

त्यांनी फक्त तिचा हात धरला, नखं रुतावीत इतका घट्ट.

टेबलावर ते अर्धवट जागे होते. खोली गारठलेली. पडद्यावर त्यांचंच हृदय काळ्या सावलीसारखं उडत होतं.

"आता ठोके मुद्दाम फार जलद करतेय, म्हणजे झडप बसवताना हृदय जागचं हलणार नाही," बाई म्हणाल्या. "गरगरेल. हलू नका."

छातीत कुणी शिवणयंत्र सोडल्यासारखी धडधड उठली. मग आवाज लांब लांब जाऊ लागले. गेलो, तात्यांना वाटलं, हिला सांगायचं राहिलंच. काय सांगायचं होतं, तेही आठवेना.

"बसली!" बाईंचा आवाज आला. "तात्या, नीट बसली."

घरी आल्यावर दम लागेनासा झाला. भीतीने मात्र पाठ सोडली नाही. दुपारी आडवे झाले की तात्या लाकडासारखे उताणे पडून राहायचे. कुशीवर वळलो आणि झडप निसटली तर?

"तुम्ही माझ्याशी इतकं भांडूनही पहिली झडप इतकी वर्षं टिकली," बायको म्हणाली. "ही काय कुशीवर वळल्यानं पडतेय? वळा बघू."

तात्या इंचाइंचानं वळले. श्वास रोखून कानोसा घेतला. ठोका पडला. पुढचा पडेपर्यंत डोळे मिटायची त्यांची तयारी नव्हती.