बायकोचा हात आणि माझा फॉर्म

"हाड जुळलंय, पण नर्व्ह गेलीय. उजव्या हाताची तीन बोटं आता वळणार नाहीत," डॉक्टर नाकातून बोलले. नर्व्ह म्हणजे मेंदूचा हुकूम बोटांपर्यंत नेणारी शीर. वर म्हणाले, "पर्मनंट डिसेबलमेंट." म्हणजे कायमचं अपंगत्व.

बाहेरच्या बाकावर मी त्यांची हुबेहूब नक्कल केली. माझी बायको सुमन एरवी पोट धरून हसते. त्या दिवशी हसली नाही.

ती मुंबईत औषधाच्या कारखान्यात बाटल्यांना बुचं लावायची. मशीनमध्ये हात सापडला. ऑपरेशन झालं, प्लास्टर निघालं, मग ती चौलला आमच्या घरी आली. मी मुंबईत टायपिस्ट. दर शनिवारी लाँचने रेवसला उतरायचं, पुढे एस.टी., की घर.

कामगार विम्याकडून तिला दरमहा अपंगत्वाचा भत्ता सुरू झाला. नोकरी गेलेली, तेवढाच तिचा हक्काचा पैसा. त्यात माझा इन्कम टॅक्सचा फॉर्म आला. एक रकाना होता, लग्न झालंय की नाही? झालेल्याला सूट जास्त. मागच्या साली मी खरंच सडाफटिंग होतो.

शेजारचे नानाकाका म्हणाले, "येड्या, लगीन झालंय लिवलंस तर सरकार म्हणंल, नवरा कमावतोय, हिला भत्ता कशाला? अविवाहित लिव नि गप बस."

मला पटलं. पेन्सिलीने लिहून पण टाकलं. सुमनने कागद बघितला.

"अहो, माझी बोटं मेलीत, मी न्हाय," ती म्हणाली. "मंगळसूत्र काढून देते, फॉर्मला जोडा."

मी नानाकाकांचा आवाज काढून हसवायला गेलो. ती उठून घरामागच्या वाडीत गेली. दुसऱ्या दिवशी मी निघेपर्यंत डाव्या हाताने ताट सरकवलं, की ती पुन्हा वाडीत.

पुढच्या आठवड्यात मुंबईला मेडिकल बोर्ड होता. म्हणजे तीन डॉक्टर मिळून हात तपासतात आणि भत्ता पुढे किती ते ठरवतात. सकाळपासून बसलो, दुपारी नंबर लागला. बोटांत सुया टोचून झाल्यावर मी भीत भीत विचारलं, "साहेब, मी विवाहित लिहिलं तर हिचा भत्ता जाईल?"

मोठ्या डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं. "हात कुणाचा गेला? तुमचा?"

"नाही."

"मग भत्ता तिचा. तिच्या बुडालेल्या मजुरीचा. नवरा कलेक्टर असला तरी."

शेजारचा विम्याचा कारकून म्हणाला, "आणि खोटं कशाला लिहिता? खरं लिहिलंत तर सूट तुम्हालाच."

छातीवरचा धोंडा उतरला. सुमन पदर तोंडाला लावून म्हणाली, "ऐकलंत का, ब्रह्मचारी?" अपघातानंतर ती पहिल्यांदा खळखळून हसली. तिन्ही डॉक्टर बघत राहिले.

तुमच्यावर अशी पाळी आली, तर शेजाऱ्याला विचारू नका, बोर्डाला विचारा. आणि त्याआधी घरच्या माणसाला.

घरी मी पेन्सिल खोडली. सुमनने डाव्या हातात टाक धरला. इंग्रजी फॉर्मवर मराठीत 'विवाहित' लिहिलं. अक्षरं एवढी मोठी, की शेवटचा त शेजारच्या रकान्यात गेला. इन्कम टॅक्सच्या कारकुनाने मान वाकडी करून वाचलं आणि शिक्का मारला. देव त्याचं भलं करो.