डोंगर कापून बांधलेली चार बिऱ्हाडं

गोव्यातल्या सुर्ल्याच्या लोखंडाच्या खाणी बंद पडल्या तेव्हा गोकुळदासचे खनिज वाहणारे स्वतःचे दोन ट्रक होते. बरीच वर्षं ते दारात उभे राहिले, टायरांभोवती गवत वाढलं. शेवटी मिळेल त्या भावात त्याने ते विकले, वर कर्ज काढलं आणि पेडण्यात, विमानतळाच्या रस्त्यापासून जरा आत, टेकडीच्या उतारावर जमिनीचा तुकडा घेतला. सपाट जागा त्याला परवडणारी नव्हती.

"खाण बंद पडली, विमानां कशी बंद पडतली?" तो बायकोला, कमलाक्षीला म्हणाला. "चार भाडेकरू ठेवले की म्हातारपणाची चिंता नाय."

जेसीबी लावून उतार कापला. खाली दोन, वर दोन अशी चार घरं उभी राहिली. स्वयंपाकघरं मागच्या बाजूला, आणि त्यांच्या मागे हातभर अंतरावर कापलेली लाल माती सरळ उभी, पुरुषभर उंचीच्या वर. बांधकाम करणारा रुद्रेश जाताना सांगून गेला, मागे चिऱ्यांची भिंत घाल. कमलाक्षीही म्हणाली, "रंग मागीर काढा. आधी ती माती अडवा."

गोकुळदासला ते कळत नव्हतं असं नाही. पावसात खाणीची कड कशी बसते हे त्याने ट्रकमध्ये बसून कितीदा पाहिलं होतं. पण पैसे संपत आले होते आणि विमानतळावर कामाला लागलेली माणसं घरं विचारत दारात येत होती. पुढच्या उन्हाळ्यात बघू, तो म्हणाला. पुढच्या उन्हाळ्यात त्याने गच्चीवर आणखी एक खोली काढली. "भिंतीक कोण भाडां देता?"

खालच्या एका घरात रामचंद्र आणि जानकी राहत होती. सावंतवाडीकडची माणसं. रामचंद्र विमानतळावर सामान चढवायच्या कामाला. जानकीने मागच्या अरुंद जागेत अळू लावलं होतं. कमलाक्षी सुर्ल्याहून भाडं न्यायला आली की ती तिला घावणे खायला घातल्याशिवाय सोडत नसे, आणि कमलाक्षी येताना डिचोलीच्या बाजारातून तिच्यासाठी उंडे पाव घेऊन येई.

तिसऱ्या वर्षी जुलैत जानकीने गोकुळदासला फोन केला. "भाऊ, मागसून माती सुटता. अळवार ढेकळां पडली."

तो आला. माती हाताने दाबून पाहिली, निळी ताडपत्री पसरली, तिच्यावर दगड ठेवले. चार दिवस दुसरीकडे राहा असं सांगावं, हे त्याच्या ओठांवर आलं होतं. पण एकाला सांगितलं तर चौघेही घाबरून घर सोडतील, असं त्याला वाटलं.

"पाऊस कमी झालो की काम लावतंय," तो म्हणाला.

"बरां," जानकी म्हणाली.

त्याच आठवड्यात एका सकाळी टेकडी खाली आली. रामचंद्र कामावर होता. बाकीची बिऱ्हाडं धावत रस्त्यावर आली. गोकुळदास सुर्ल्याहून स्कूटरने पोहोचला तेव्हा अग्निशमन दलाची माणसं चिखल उपसत होती. त्याने कोणाचं तरी फावडं घेतलं आणि वेड्यासारखा खणत सुटला. शेवटी एका जवानाने ते त्याच्या हातातून काढून घेतलं. जानकी शेगडीजवळ सापडली. हातांना पीठ तसंच होतं.

तेरावं झाल्यावर रामचंद्र सामान न्यायला आला. तो ओरडेल, अंगावर येईल, असं गोकुळदासला वाटत होतं. त्याने फक्त विचारलं, "भाऊ, तुमी खाणीर होतास मां? माती अशी येता ता तुमका म्हायत होतां?"

"होतां," गोकुळदास म्हणाला.

रामचंद्रने मान हलवली आणि ओली ट्रंक उचलून तो निघून गेला.

पोलिसांनी गोकुळदासवर गुन्हा नोंदवला. खटला अजून चालू आहे. बाकीचे भाडेकरू त्याच महिन्यात गेले. कमलाक्षीने बांगड्या मोडून भिंत बांधून घेतली. घरं मात्र रिकामीच राहिली आणि बँकेचे हप्ते थांबेनात. उन्हाळ्यात एक दलाल नवं जोडपं घेऊन आला, तुषार आणि पूजा, कडेवर लहान मुलगी. दोडामार्गाची माणसं, त्यांना काही माहीत नव्हतं. "गप्प रवा," दलाल कानात म्हणाला.

गोकुळदासने सगळं सांगितलं. पूजा स्वयंपाकघराच्या दारातच थांबली. "हेच?"

"हेच."

दोघं बाहेर जाऊन बराच वेळ बोलली. परत येऊन तुषार म्हणाला, "एवढ्या भाड्यात दुसरीकडे मिळत नाही. आता भिंत घातली आहे ना?"

गोकुळदास मागच्या दारातून भिंतीकडे गेला. किल्ली कमलाक्षीने दिली.

पाऊस सुरू झाल्यावर तो रोज सुर्ल्याहून यायला लागला. रेनकोट घालून घरामागे उभा राही, भिंतीच्या चिऱ्यांवर तळहात फिरवी, पाणी जायच्या भोकांतून गढूळ येतंय की स्वच्छ ते वाकून पाही.

एक दिवस पूजा मुलीला घेऊन मागच्या दारात आली. "काका, येऊ नका हो रोज," ती म्हणाली. "तुम्ही असे उभे राहिलात की मला स्वयंपाक करवत नाही."

त्याने हात मागे घेतला. स्कूटर ढकलत तो रस्त्यापर्यंत गेला, आणि घर दिसेनासं होईल अशा वळणावर पावसात थांबून राहिला.