डावी बाजू बोटभर वर

परवा टायरच्या दुकानात ग्रीसचा वास आला आणि मी थेट त्या दुष्काळातल्या चिकलठाण्याच्या गॅरेजात पोचलो.

गाडी जमिनीलगत खाली बसवायची हौस माझी. मी स्प्रिंगा कापणारच होतो, पण माझी बायको उषा म्हणाली, "कापू नका. पाण्याचे जार आणायचे झाले तर वर करता आली पाहिजे." म्हणून रिंग फिरवून उंची बदलता येणारे स्प्रिंग-शॉकअप, कॉइलओव्हर घेतले. उंची लावायची ती गाडीत नेहमी बसणाऱ्यांच्या वजनावर. मी स्टिअरिंगवर बसलो, उषा शेजारी, डावीकडं. तिच्या मांडीवर माहेरच्या, फुलंब्रीच्या बोअरचं पाणी भरलेला जार.

"ताई, जार उतरवा की," मिस्त्री म्हणाला.

"राहू द्या भाऊ. औंदा हे बी घरातलंच माणूस हाय."

गॅरेज हसलं. मिस्त्रीनं जारासकट तिचं वजन धरून डावी रिंग फिरवून ती बाजू वर घेतली. गाडी अगदी सरळ उभी राहिली.

उषा गेली त्यालाही आता वर्षं झाली. परवा टायरवाला म्हणाला, "साहेब, गाडी डावीकडं बोटभर वर राहतीय. सरळ करून देऊ?"

"नको," मी म्हणालो. "तिथं माणूस बसलं की होते सरळ."