घरी बोलायचं ते बाकावर

किस्से गोळा करायला कुठं जावं लागत नाही हो. चार रिटायर्ड म्हातारे एका बाकावर बसवा, हातात फिल्टर कॉफी द्या आणि बायकांना घरी राहू द्या. कपाटावर धूळ साचावी तसे किस्से आपोआप साचतात. आमचं बाक तंजावूरला, मोठ्या देवळामागच्या रस्त्यावर, एका कॉफीच्या दुकानासमोर आहे.

आम्ही चौघं. रंगण्णा कॉलेजात झुऑलॉजी शिकवून निवृत्त झाला. सुंदररावची अजून कालव्याकाठी भातशेती आहे. मुकुंदराव बँकेत होता, त्याची बायको जाऊन सहा वर्षं झाली. आणि मी पी.डब्ल्यू.डी.तला ओव्हरसियर, पस्तीस वर्षं कालव्यांची दारं उघडली आणि बंद केली. चौघंही पिढ्यान्‌पिढ्या इथलेच मराठी. आसपास सगळं तमिळ, त्यामुळे मराठीत काय वाटेल ते बोलावं, कुणाला कळतंय! आणि 'काय वाटेल ते' म्हणजे काय, तर जे घरी बोलायची छाती झाली नाही ते.

आमच्या घरात देवनागरी वाचणारा आता मी एकटाच उरलोय. मुलगा मराठी बोलतो, पण वाचायला सांगितलं की घाम फुटतो. बायको, म्हणजे अंबू, फक्त तमिळ वाचते. म्हणूनच हे बिनधास्त लिहितोय. खरं म्हणजे हे तिनंच वाचायला हवं होतं. अकरा वर्षं झाली, ती मला जेवायला वाढते, बी.पी.ची गोळी हातावर ठेवते, पण माझ्या खोलीत झोपत नाही. ती परत यावी एवढंच मला हवंय, आणि ते तिला कोणत्या तोंडानं सांगावं हे मला समजत नाही.

ते का झालं, ते सांगतो. पण आधी रंगण्णा.

*

रंगण्णा मुलींच्या कॉलेजात शिकवायचा. बेडूक, झुरळ, गांडूळ, सगळं रंगवून रंगवून शिकवायचा. पण मानवी प्रजननाचा धडा आला की खडू खाली ठेवायचा आणि म्हणायचा, "दिस चॅप्टर, सेल्फ स्टडी. घरी वाचा." बत्तीस वर्षांत एकदाही त्यानं तो धडा शिकवला नाही. परीक्षेत मात्र दरवर्षी त्यावर प्रश्न यायचा!

परवा त्याची तेरा वर्षांची नात शाळेचा प्रोजेक्ट घेऊन जेवणाच्या टेबलावर बसली. गर्भाशयाचं चित्र, बाण, नावं, सगळं नीटनेटकं. रंगण्णा ताटातल्या रसम-भातात डोकं घालून बसला. ती म्हणाली, "ताता, तुम्ही प्रोफेसर होतात ना? हे बरोबर आहे का बघा."

रंगण्णानं चष्मा लावून बघितलं. म्हणाला, "बरोबर आहे."

"म्हणजे तुम्हांस सगळं ठाऊक होतं? मग अज्जीला कां नाही सांगितलांत? ती म्हणते, लग्न होईपर्यंत तिला कांहीच ठाऊक नव्हतं."

स्वयंपाकघरातून त्याच्या बायकोचा आवाज आला, "लग्न झाल्यावरही यांनी तो धडा मला घरीच वाचायला दिला होता!"

आम्ही बाकावर पोट धरून हसलो. रंगण्णाही हसला. मग कॉफीचा पेला ठेवताना म्हणाला, "अरे, ती एकोणीस वर्षांची होती. घाबरून रडायची. मी तिला पुस्तकातलं चित्र जरी दाखवलं असतं ना..."

*

सुंदररावचा मुलगा चेन्नईत असतो. रीना म्हणून एका मल्याळी मुलीबरोबर राहतो. लग्न नाही. "लिव्ह-इन" हा शब्द सुंदरराव अजूनही एखाद्या आजाराचं नाव घ्यावं तसा हळूच घेतो.

गेल्या वर्षी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी त्याला आठ दिवस तिथं राहावं लागलं. फ्लॅटला बेडरूम एकच! हा हॉलमध्ये सोफ्यावर. एका डोळ्याला पट्टी होती, दुसरा त्यानं स्वतःहून मिटून घेतला. परत आल्यावर आम्ही त्याच्याभोवती कोंडाळं केलं. "सांग, सांग, काय बघितलंस?"

सुंदरराव म्हणाला, "सकाळीं पोरगा कॉफी करायचा. तिला नेऊन द्यायचा. आणि विचारायचा, झोंप लागली कां? रोज. आठ दिवस रोज विचारला रे! मी चाळीस वर्षांत पद्माला एकदाही विचारलों नाही."

एवढंच? आमची निराशा झाली. पण सुंदररावच्या मनाला ते लागलं होतं. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे त्याची बायको पद्मा अंगणात कोलम, म्हणजे पिठाची रांगोळी, काढत होती. हा दारात उभा राहिला, घसा खाकरला आणि म्हणाला, "झोंप लागली कां?"

पद्मानं तांदळाच्या पिठाचा हात तसाच त्याच्या कपाळाला लावला. ताप नव्हता. मग आत जाऊन चेन्नईला फोन केला. "अरे, अप्पांना कांहीतरी झालंय. डोळ्याचं औषध डोक्यांत गेलं कीं काय, डॉक्टरला विचार!"

*

आता माझं.

आमचं लग्न झालं तेव्हा घरात नऊ माणसं. दोन खोल्या आणि पुढचा हॉल. आईचा पलंग आमच्या दाराला टेकलेला, कारण तिला रात्री उठावं लागायचं. दाराला कडी नव्हतीच. असती तरी लावायची हिंमत कुणाची होती? दोन बहिणींची लग्नं झाली, धाकटा भाऊ दुबईला गेला, आई गेली, मुलगा मोठा झाला, त्याचं लग्न झालं, तो कोइम्बतूरला गेला. घर रिकामं व्हायला बत्तीस वर्षं लागली.

मुलगा-सून गेले त्या आठवड्यात अंबूनं सुताराला बोलावलं. मला वाटलं, खिडकी दुरुस्त करायची असेल. संध्याकाळी बघतो तर आमच्या खोलीच्या दाराला आतून नवी पितळी कडी! मी म्हटलं, "हे कशाला? घरात आहे कोण आता?" ती नुसती हसली.

रविवार होता. भर दुपारी जेवण झाल्यावर मी पेपर घेऊन आडवा झालो. अंबू आत आली. तोंड धुतलेलं, केसांत मोगरा. दार लोटलं आणि कडी घातली. मग माझ्या शेजारी येऊन बसली आणि माझ्या हातातला पेपर काढून घेतला. तेव्हा ती त्रेपन्न वर्षांची होती. इतकी वर्षं मी तिला इतकं मोकळं कधी बघितलं नव्हतं.

आणि मी काय म्हणालो? "अगं, या वयांत हे शोभतं का? भर दुपारी दार लावलंय, शेजारचे काय म्हणतील? उघड आधी."

तिनं कडी काढली. पेपर माझ्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी तिची उशी हॉलमध्ये गेली. भांडण नाही, रडणं नाही, काही नाही. शेजारचे कोण होते म्हणाल, तर एक कानानं अधू म्हातारी आणि तिचं मांजर. मी आयुष्यभर पाण्याची दारं योग्य वेळी उघडणारा माणूस. ते एक दार मला ओळखता आलं नाही, याचं दुःख अजून जात नाही.

*

मुकुंदरावचा किस्सा मला सांगवत नाही, पण सांगायला हवा.

बायको गेल्यावर तिसऱ्या वर्षी त्याची एका रिटायर्ड टीचरशी ओळख झाली. सरस्वती टीचर. नवरा लवकर गेलेला, मूल नाही. दोघं संध्याकाळी पार्कमध्ये भेटायची. शेंगदाणे खायची, बस्स! मुकुंदराव मात्र केसांना डाय करायला लागला. एक दिवस बाकावर येऊन म्हणाला, "आम्ही लग्न करावं म्हणतोंय."

आम्ही काय केलं? हसलो. रंगण्णा म्हणाला, "गुडघे बदललेस, आतां बायको?" सुंदरराव म्हणाला, "हनिमून कोठें? आय हॉस्पिटलांत?" आणि मी सगळ्यांत शहाणा! मी म्हणालो, "अरे, नातवंडांची लग्नं करायच्या वयांत स्वतःच्या अक्षता! लोक तोंडांत शेण घालतील."

त्याच्या मुलांनीही तेच म्हटलं. सरस्वती टीचर भावाकडे म्हैसूरला निघून गेल्या. मुकुंदरावचे केस महिन्याभरात पुन्हा पांढरे झाले.

गेल्या पोंगलला मी त्याची माफी मागितली. तो रागावला नाही. म्हणाला, "जाऊं दे रे. माझी बायको वर आहे, तुझी हॉलांत आहे. झोंपतों दोघंही एकटेच." मी त्याला अंबूचं कधी काही सांगितलं नव्हतं. त्याला कसं कळलं, देव जाणे.

मग मात्र मी त्या बाकावर पहिल्यांदा सगळं सांगितलं. कडीसकट. कोणी हसलं नाही. रंगण्णानं सल्ला दिला, "फुलं ने." सुंदरराव म्हणाला, "झोंप लागली का विचार. पण आधीं ताप नाही म्हणून सांग."

इतक्यात दुकानाचा कॉफी मास्टर, मुरुगेसन, पेले उचलायला आला. नऊ वर्षं आम्हाला कॉफी देतोय, तमिळशिवाय एक शब्द त्याच्या तोंडून ऐकला नव्हता. फडक्यानं बाक पुसता पुसता तो स्वच्छ मराठीत म्हणाला, "राव, नव वर्षं एथेंच बोलताहांत. एकदां घरीं बोला."

चौघांचे चेहरे बघण्यासारखे झाले! नऊ वर्षांत आम्ही काय काय बोललो होतो त्याची चौघांनी मनातल्या मनात उजळणी केली असणार. रंगण्णा त्यानंतर चार दिवस बाकावर आलाच नाही.

*

सल्ले घेऊन घरी गेलो खरा. फुलं नेली. अंबूनं पुडी सोडली, चांगली आहेत म्हणाली आणि देवाच्या फोटोला घातली. दुसऱ्या दिवशी विचारलं, "झोंप लागली का?" ती म्हणाली, "मला रोजच लागते. तुम्हांस नाही लागत?" मी बी.पी.ची गोळी घेतली आणि बाक गाठलं.

मागच्या महिन्यात ओरत्तनाडुला तिच्या भावाच्या घरी बारशाला निघालो. टाउन बस. आमच्याकडे डाव्या बाजूच्या सीट बायकांच्या, उजवीकडे आणि मागे पुरुष. तरुण जोडपी हल्ली खुशाल एकत्र बसतात, पण आमची पिढी नाही. लग्न झाल्यापासून अंबू पुढच्या दारानं चढते, मी मागच्या. उतरलो की पुन्हा नवरा-बायको. सरकारनं बायकांना बस आता फुकट केलीय, मला तिकीट लागतं, बदल झाला तो एवढाच.

त्या दिवशी मी मागच्या दारानं चढलो आणि पुढं बघितलं. अंबू खिडकीशी बसली होती, मांडीवर बारशाच्या सामानाची पिशवी. शेजारची जागा रिकामी. मी गर्दीतून वाट काढत पुढं गेलो आणि सरळ तिच्या शेजारी बसलो. अंबूनं वळून बघितलंसुद्धा नाही.

पुढच्या स्टॉपला टोपली घेतलेली एक बाई चढली. कंडक्टर पोरगेला होता, आवाज मात्र दणदणीत. "पेरियवरे, ओ आजोबा! लेडीज सीट, उठा!"

मी तमिळमध्ये म्हटलं, "बायको आहे माझी."

"सगळे असंच म्हणतात!" तो म्हणाला. बसमधली माणसं माना वळवून बघायला लागली. मी उठलो नाही. मग तो अंबूकडे वाकला. "अम्मा, हे तुमचे कोण?"

अंबूनं माझ्याकडे बघितलं. सावकाश, चष्म्यापासून चपलांपर्यंत. मग बसला ऐकू जाईल अशा तमिळमध्ये म्हणाली, "ओळखीचे वाटतात. पण कधी शेजारी बसलेले आठवत नाहीत."

सगळी बस हसली. टोपलीवाली बाई म्हणाली, "बसू दे रे त्यांना, मी उभी राहते." कंडक्टरनं मान हलवत माझं तिकीट फाडलं.

अंबूनं स्वतःच्या मांडीवरची पिशवी उचलली, माझ्या मांडीवर ठेवली आणि खिडकीबाहेर बघायला लागली.