मिस्त्रीच्या आज्याचा चिमटा

गंजाचा एवढा राग असणारा माणूस पिंपळगाव राजात काय, पुऱ्या बुलढाणा जिल्ह्यात दुसरा नसंल. आमचा हा लोहारकाम करणारा मिस्त्री कोणाच्या लग्नात गेला तरी आधी मांडवाचे खिळे पाहून नाक मुरडायचा. मी विळा घेऊन गेलो की पहिले शिव्या, मंग धार. "पाटील, बायकोले असं पावसात ठेवतं का बे?" देतांना मात्र विळा असा चकचकीत, की त्यात पाहून दाढी करावी.

बीटी कपाशी आली तेव्हा वाटलं, बोंडअळीची कटकट गेली. गुलाबी अळीनं तो गर्व मोडला. वेचणीले गेलं तर हाती नुसती किडक्या बोंडातली पिवळी कवडी. शेतकी खात्याचे साहेब सांगू लागले, वेचणी झाली की पऱ्हाट्या, कपाशीची उभी झाडं, मुळासकट उपटा, नाही तर अळी वावरातच राहते. मी साहेबाचं ऐकणाऱ्यातला नाही, पण ते ऐकलं. उपटून उपटून तळवे सोलून निघाले. तेव्हा मिस्त्रीनं लांब दांड्याचा चिमटा केला. बुडाले धरायचं, दांडा दाबायचा, पऱ्हाटी वर. सारं गाव त्याच्या भट्टीपुढं. अन् मंग एका कंपनीची नोटीस आली: या चिमट्याचं पेटंट आमचं, बनवणं बंद करा.

आम्ही खामगावले वकिलाकडं गेलो. त्यांनी विचारलं, "या पेटंटच्या आधीचं असं काही आहे?" मिस्त्रीनं आज्याचा चिमटा सांगितला, बैलाच्या नालातले मोडके खिळे उपटायचा. पकड तीच, जोर तसाच.

मी म्हणलो, "ते बैलाचं, हे कपाशीचं. कोर्ट मानंल का?"

मिस्त्री म्हणला, "लोखंडाले काय माहीत, खुरातलं उपटून राह्यलं का वावरातलं?"

वकील हसले नाहीत. "चाचा, भांडण नेमकं तेच आहे. काम वेगळं असलं तरी अडचण एकच असली, तर जुनी वस्तू जमेत धरता येते. पण ती जुनी दिसली पाहिजे. आहे तशी आणा."

कोर्टाच्या तारखेले मिस्त्रीनं फडकं सोडलं. चिमटा आरशासारखा! घासलेला, जबडा नव्यानं ठोकलेला, दांडा कोरा. वकिलांनी कपाळाले हात लावला.

"कोर्टात गंजकं नेऊ? आज्याची काही इज्जत आहे का नाही?"

समोरच्या वकिलानं एवढंच विचारलं, "हा कालच बनवला काय?" मिस्त्रीले आधी ती तारीफच वाटली.

कोर्टानं मनाई केली, चिमटे बंद झाले. बायांचे तळवे पुन्हा सोलले. औंदा माझ्याजवळच्या चिमट्याचा जबडा ढिला झाला, तर घेऊन गेलो. भट्टी थंड. मिस्त्रीनं गंजावरून अंगठा फिरवला.

"एवढा कसून दे. कोण पाहून राह्यलं?"

"नाही पाटील. मनाई म्हणजे मनाई."

मी रागानं उठलो, पण दारात थांबलो. म्हटलं, आता गंजापायी शिवी येईल. आली नाही. चिमटा त्यानं माझ्या हाती दिला, गंजासकट.