तळ्यातली म्हातारी

मुरबाडच्या बाजारात ओल्या गोणपाटावर मांडलेले कटला मासे परवा पाहिले. निमुळती तोंडे, सडपातळ अंगे, रोहूशी सोयरीक सांगणारी. शेवाळाचा थंड वास नाकात शिरला आणि किन्हवलीकडच्या एका गावाचे तळे आठवले. त्याच्या बांधावर संध्याकाळी एकटेच बसून राहणारे माझे मामाही.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कॉलेजच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे राहत असे. तेव्हा त्या तळ्यातला कटला दोन्ही हातांत मावत नसे. त्याचे बीज दूरच्या नदीतून आलेले. पुढे जवळच्या एका केंद्रातून स्वस्त बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, येऊ लागली. तिथे मोजक्याच माशांची संतती पुन्हा पुन्हा वाढवीत. कटल्यात रोहूही मिसळे. तळे तेच, पाणी तेच. मासे मात्र खुजे होत गेले. मामांना ते फार लागे. जुन्या वाणाची एक मादी तळ्यात उरली होती, शेपटीला चीर असलेली. वैशाखात जाळे ओढले की ती सापडे, आणि मामा तिच्या कपाळाला हळद लावून तिला परत सोडीत. तिचा वंश वाढेल, तळे पुन्हा थोराड माशांनी भरेल, एवढीच त्यांची आशा.

दशक सरता सरता, एका वैशाखात, जाळे पाहायला आलेल्या मत्स्य अधिकाऱ्याने सहज सांगितले, की कटला साचल्या पाण्यात अंडी घालत नाही. त्याला पुराची वाहती नदी लागते. जाळेवाल्यांत हशा पिकला.

"काका, म्हातारी वांझच निघाली की! यंदा रस्सा होऊ द्या."

"डोका माझ्या वाटणीला हां!" दुसरा ओरडला.

मामा गुडघाभर पाण्यात तिला छातीशी धरून उभे होते.

"अंडी नाय घालीत म्हणून तिला कापायची का रे?"

कोणी हसले नाही. मामींना मूल झाले नव्हते. दुसरी कर म्हणून भावकीने मामांना किती छळले आणि मामांनी कसे ऐकले नाही, हे त्या बांधावर सर्वांनाच ठाऊक होते. मामी जाऊनही तेव्हा बरीच वर्षे लोटली होती.

"जाळा खाली घ्या रे," मघाचा रश्शावालाच पुटपुटला. मामांनी हळद लावली आणि हात सैल केले.

पुढे मामाही गेले. बोटुकली अजून दर पावसाळ्यात येते, दर उन्हाळ्यात ओढून नेली जाते. त्या पाण्याला कुणाचीच पिढी ठाऊक नाही. कटला किती वर्षे जगतो, हे एखाद्या पुस्तकात सहज सापडेल. मी अजून पाहिलेले नाही.