सायकलच्या डाव्या अंगाला

कुत्रीला सायकलबरोबर पळवायचं ठरलं ते हौसेने नव्हे. खालच्या मजल्यावरच्या आंटींचे यजमान शस्त्रक्रिया होऊन घरी आले होते. त्यांना दुपारी झोप लागत नव्हती, आणि त्याचं कारण आमच्या घरात होतं. आंटी निवृत्त शिक्षिका. त्या भांडायला आल्या नाहीत. दारात उभ्या राहून एवढंच म्हणाल्या, "बेटा, भौंकते तो सब के हैं. आपकी रोती है. वही सुना नहीं जाता."

त्यात अतिशयोक्ती नव्हती. नवरा सकाळी गुडगावच्या ऑफिसला, मुलगी शाळेत, मी दुपारपासून वर्तमानपत्राच्या डेस्कवर. दिल्लीच्या द्वारकेतल्या आमच्या फ्लॅटमध्ये दीड वर्षाची, लांब पायांची कुत्री एकटी उरायची. जात रस्त्यावरचीच, पण आजोळ एखाद्या शिकारी कुळातलं असावं अशी छाती. सकाळ-संध्याकाळ फिरवून आम्ही दमायचो, ती दमायची नाही. सोफ्याचा एक हात, दाराची चौकट आणि बऱ्याच चपला तिने संपवल्या होत्या. उरलेल्या वेळात ती रडायची.

उपाय नवऱ्याने शोधला. त्याच्या एका सहकाऱ्याचं गुडगावच्या पुढे सोहन्याच्या बाजूला फार्महाऊस होतं. मोकळी जमीन, आधीचे दोन कुत्रे, सांभाळायला माणूस. "तिच्या भल्याचंच आहे," तो म्हणाला. ते खोटं नव्हतं, म्हणून उत्तर देणं अवघड होतं.

मुलगी तेव्हा नववीत. मेट्रो स्टेशनच्या जिन्याखालून हे पिल्लू दप्तरात घालून तिनेच आणलं होतं. ती रडली नाही, जेवणाचं ताट सोडून उठली नाही. "दिवाळीच्या सुट्टीपर्यंत वेळ दे," ती वडिलांना म्हणाली. "तोपर्यंत हिला एवढी दमवते की दुपारभर झोपेल."

"कशी दमवणार?"

"सायकलने."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी वाटीत आमटी वाढत राहिले. हातात पुरावा नसताना मत देऊ नये, ही डेस्कवरची सवय घरातही लागते.

त्याच आठवड्यात आम्ही दोघी तिला जनावरांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. त्यांनी मागचे पाय ताणून पाहिले, छाती ऐकली. हाडं भरली आहेत, पळवायला हरकत नाही, म्हणाले. एकच अट घातली: वेग कुत्रीचा असला पाहिजे, सायकलचा नव्हे. ती दुडक्या चालीने पळते तोवर ठीक, उधळायला लागली की सायकल हळू करायची. आणि पळण्याआधी पोटभर खाणं नाही.

मुलीने सामान जमवलं. गळ्यातला पट्टा बाद, कारण झटका बसला तर तो मानेवर बसतो. त्याऐवजी छातीभोवती बसणारा रुंद पट्टा. दोरी हँडलला बांधायची नाही, मनगटाला गुंडाळायची तर मुळीच नाही. सीटखालच्या नळीला एक स्प्रिंगचा दांडा बसवला. त्याच्या टोकाला कुत्री. तिने ओढलं तर ओढ खालून लागते आणि स्प्रिंग ती पिऊन टाकते. बाजू डावी. आपण रस्त्याच्या डाव्या कडेने जातो, तेव्हा गाड्यांच्या आणि कुत्रीच्या मध्ये सायकल आली पाहिजे.

पहिले काही दिवस सायकल चाललीच नाही. सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये ती स्टँडवर उभी, आणि कुत्रीला तिच्याशेजारी उभं राहिल्याबद्दल उकडलेल्या चिकनचा तुकडा. मग सायकल हातात धरून चालवणं. मग पेडल. गेटवरचा गार्ड रोज विचारायचा, "मैडम, आज लाइसेंस मिला क्या?" मुलगी तितक्याच गंभीरपणे सांगायची, "अभी लर्निंग है, भैया."

ऑगस्टच्या अखेरीला आम्ही रस्त्यावर आलो. मुलगी पुढे, डाव्या अंगाला कुत्री, मागे मी माझ्या सायकलवर. उन्हं यायच्या आत निघायचं. निघण्यापूर्वी ती हाताची पालथी बाजू डांबरावर टेकवून पाहायची. आपल्या हाताला सोसत नाही ते पंजांना सोसत नाही. रुंद सर्व्हिस लेन, एका बाजूला पार्कची भिंत, वरून विमानतळाकडे उतरणारी विमानं. कुत्री पहिल्या दिवसापासून अशी पळाली, जणू तिची यासाठीच नेमणूक झाली होती. कान मागे, तोंड किंचित उघडं, चाल एकसारखी. ती परत येऊन पाणी प्यायची आणि पंख्याखाली आडवी व्हायची. आंटींनी लिफ्टमध्ये विचारलं, "तबियत तो ठीक है न उसकी? आवाज़ नहीं आई."

थांबणं मात्र तिला जमत नव्हतं. "चल" म्हटलं की ती निघायची, पण थांबायला सांगितलं की पळतच राहायची. मुलगी दरवेळी ब्रेक लावून तिला थांबवायची, आणि मला मागून स्प्रिंगचा दांडा ताणलेला दिसायचा. घरात हीच कुत्री जेवणाच्या ताटासमोर, एका शब्दावर, लाळ गाळत बसून राहत असे. बाहेर वास असतात, गाड्या असतात, लक्ष उडतं, अशी समजूत आम्ही करून घेतली होती.

सप्टेंबरमधल्या एका सकाळी एक ई-रिक्षा मेट्रो स्टेशनकडून उलट्या दिशेने लेनमध्ये शिरली. मुलगी ओरडली, "रुक! रुक! रुक जा!" आणि दोन्ही ब्रेक दाबले. कुत्री पळत राहिली. दांडा ताणला, सायकल तिरकी झाली, मुलगी गुडघ्यावर पडली. कुत्री छातीच्या पट्ट्याने मागे खेचली गेली आणि रिक्षाच्या पुढच्या चाकापासून हातभर अंतरावर थांबली. गळ्यात पट्टा असता तर काय झालं असतं, ते लिहायची गरज नाही.

रिक्षावाला उतरला. त्याने आधी मुलीची सायकल उभी केली. चूक आपली आहे हे त्याला ठाऊक होतं, म्हणून तो विनोद करत होता. "बिटिया, इसको भी ब्रेक लगवा लो. आधी गाड़ी में ही ब्रेक है."

नवऱ्याने गुडघा पाहिला, कुत्री पाहिली, आणि नाश्त्याच्या टेबलावर निर्णय दिला. आवाज चढवला नाही. "झालं ते पुरे. ती दमते, मान्य. पण ती ऐकत नाही. आज गुडघा आहे. मी सहकाऱ्याशी बोलतो."

"दिवाळीपर्यंत म्हणाला होतास."

"तेव्हा तू पडली नव्हतीस."

मुलगी पाय पसरून जमिनीवर बसली होती, गुडघ्याला पट्टी. कुत्रीने तिच्या प्लेटमधल्या टोस्टकडे मान नेली. "थांब," मुलगी म्हणाली. कुत्री एक पंजा हवेत ठेवून गोठली. मुलीने टोस्टकडे पाहिलं, मग कुत्रीकडे. मग लंगडत उठली, तिला घेऊन दाराबाहेर लिफ्टपाशी गेली आणि तिला थोडं चालवून म्हणाली, "रुक." कुत्री शेपटी हलवत पुढे. "थांब." कुत्री उभी.

"आई, बाहेर ये. तू म्हण."

मी म्हटलं. दोन्ही शब्द, आलटून पालटून, दोनदा. निकाल तोच.

"हिला हिंदी येतच नाही यार!"

आम्हा तिघांनाही ते तोवर दिसलं नव्हतं. घरात आम्ही मराठी बोलतो. दाराबाहेर पाऊल पडलं की जीभ आपोआप बदलते. लिफ्टमध्ये शेजारी असतात, गेटवर गार्ड, रस्त्यावर सगळं शहर. आम्ही एकमेकांशीही बाहेर अर्धं हिंदीत बोलतो आणि ते आमच्या लक्षातही येत नाही. कुत्रीला घरात "थांब" शिकवलं आणि रस्त्यावर "रुक" म्हणत राहिलो. "चल" दोन्हीकडे चालतं, म्हणून तेवढं ती ऐकत होती, आणि म्हणूनच आम्हाला संशय आला नाही. ती न ऐकणारी नव्हती. तिला सांगितलंच गेलं नव्हतं.

नवऱ्याने हा खुलासा ऐकून घेतला. तो मोजून बोलणारा माणूस आहे. "ठीक आहे. सुट्टी लागायच्या आधी एक दिवस मी बरोबर येतो. तेव्हा बघू."

नंतरचं काम कुत्रीसाठी सोपं होतं, मुलीसाठी अवघड. शब्द चारच ठरले: चल, हळू, थांब, सोड. शेवटचा कचऱ्याच्या ढिगासाठी आणि मांजरांसाठी. शांतपणे ते म्हणता यायचे. घाबरली की तोंडातून हिंदी निघायची, कारण शाळा, मैत्रिणी, भांडणं, सगळं तिचं हिंदीत. म्हणून आधी कुत्रीशिवाय सराव. ती सोसायटीत सायकल चालवायची आणि मी पार्किंगच्या खांबामागून अचानक पुढे यायचे.

"रुक... थांब!"

"उशीर झाला. मेले मी."

"आई, तू ना खूप ड्रामॅटिक उडी मारतेस."

"रिक्षा यापेक्षा ड्रामॅटिक येते. परत."

तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीतून एक गृहस्थ चहा पीत हे रोज पाहायचे. त्यांनी कधी काही विचारलं नाही. त्यांचा काय समज झाला असेल तो असो. हळूहळू शब्द बसला. इतका, की एका सकाळी सुटत चाललेल्या शाळेच्या बसमागे धावताना ती "थांब! थांब!" ओरडली आणि तिच्या मैत्रिणी आठवडाभर तिला त्याच नावाने हाक मारत होत्या. ड्रायव्हरने बस थांबवली होती, हेही तिने मला मुद्दाम सांगितलं.

ऑक्टोबरमध्ये हवा बिघडायला लागली. हवेच्या प्रदूषणाचा आकडा रोज माझ्याच डेस्कवरून छापायला जायचा. मुलीने आणखी एक नियम केला: आकडा वाईट असेल तर पळणं नाही, फार्महाऊसची टांगती तलवार असली तरी नाही. त्या दिवशी घरातल्या घरात टॉवेलच्या घड्यांत चिकनचे तुकडे लपवून ती तिला हुंगायला लावायची. त्यानेही कुत्री दमते, हे आम्हाला नवीन होतं. वडील बरोबर येणार होते त्या आठवड्यात असे दिवस लागोपाठ आले. मी म्हटलं, एखादा दिवस चालेल. ती म्हणाली, "तिची छाती जमिनीपासून केवढीशी वर आहे, बघ. सगळी धूळ तिलाच."

सुट्टीच्या आधीच्या शनिवारी वारा सुटला, हवा जरा निवळली, आणि आम्ही तिघं निघालो. मुलगी पुढे, नवरा मध्ये, मी मागे. त्याने कित्येक वर्षांनी सायकल धरली होती आणि गिअरशी त्याचं काहीतरी चाललं होतं.

पार्कची भिंत संपते तिथे एक बाई गल्लीतल्या कुत्र्यांना खाऊ घालतात. त्या दिवशी त्या नुकत्याच गेल्या असाव्यात, कारण वाडगी भरलेली होती आणि सगळी टोळी हजर होती. आमची कुत्री त्यांना दिसली. चार-पाच जण भुंकत रस्त्यावर आले. नवऱ्याने मागून हाक मारली, "अरे रुको! रुक जा!" ती कोणासाठी होती, कुत्र्यांसाठी की मुलीसाठी, त्यालाही सांगता आलं नसतं.

मुलगी ओरडली नाही. "हळू," ती म्हणाली. कुत्रीची चाल उतरली. "थांब." कुत्री थांबली. तिच्या पाठीवरचे केस उभे होते, ओठ थरथरत होता, पण पाय जागेवर. मुलगी उतरली आणि सायकल आडवी फिरवून टोळीच्या आणि कुत्रीच्या मध्ये उभी केली. पळाली नाही, हात उगारला नाही, दगड उचलला नाही.

"बेटा, मागे ये," नवरा म्हणाला. तो पुढे सरकत होता.

"बाबा, तू तिथेच थांब. तू घाबरलास की ती घाबरते."

तो थांबला. टोळी थोडा वेळ भुंकली. पळणारं कोणी नव्हतं, त्यामुळे पाठलागाला काही नव्हतं. एकेक जण वाडग्यांकडे परतला. कुत्रीने मान वळवून मुलीकडे पाहिलं. मुलगी म्हणाली, "चल." सायकल हातात धरून ती कुत्रीसह ती जागा ओलांडून गेली, मग सायकलवर बसली, आणि डाव्या अंगाला पुन्हा तीच एकसारखी चाल सुरू झाली.

डेस्कवर येण्याआधी बातमीदारीत मी पुष्कळ माणसं संकटात पाहिली आहेत. काय करायचं ते ठाऊक असलेली थोडी, आणि ठाऊक असलेलं त्या क्षणी करणारी त्याहून थोडी. त्यातलं एक माणूस माझ्या घरात राहतं, त्याचा बारावीपर्यंतचा अभ्यास अजून व्हायचा आहे आणि त्याला स्वतःची खोली आवरता येत नाही. हे मी तिला सांगितलेलं नाही. परतताना एकदा मान वळवून नवऱ्याने मला विचारलं, "हे तू शिकवलंस?" मी नाही म्हटलं.

घरी आल्यावर त्याने सहकाऱ्याला फोन लावला. मुलगी आतल्या खोलीच्या दारात कुत्रीला घेऊन बसली होती, ओल्या फडक्याने एकेक पंजा पुसत, बोटांच्या मध्ये काच-काटा पाहत.

"नहीं यार, नहीं भेज रहे," तो म्हणाला. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "नहीं, नहीं, प्रॉब्लम कुछ नहीं. बेटी ने ट्रेन कर ली है. बिल्कुल. रोड पे, हाँ. तू देखेगा न..." आणि मग तो सांगत राहिला: दांडा कुठे बसवायचा, डावी बाजू का, टोळी आली तर सायकल कशी आडवी घालायची. जे तासाभरापूर्वी त्याला माहीत नव्हतं ते तो वर्षानुवर्षांच्या अनुभवासारखं सांगत होता. मुलीने मान वर केली नाही, पण फडकं काही वेळ एकाच पंजावर फिरत राहिलं.

फोन संपला. "बाबा," ती म्हणाली, "झालं असेल तर इकडे ये. हा मागचा पाय धर. सरळ नाही, जरा वर."

तो गुडघे मोडून जमिनीवर बसला आणि त्याने दोन्ही हातांनी पाय धरला.